पिल्लं परत उसात का ठेवता? तुम्ही विचारलंत म्हणून

"वहिनी, तुम्ही लेकुरवाळ्या. बिबट्याची पिल्लं पुन्हा उसात ठेवताना हात कसा उचलतो तुमचा?" हा प्रश्न मला भावकीत विचारलाय, बचत गटात विचारलाय, एकदा तर लग्नाच्या पंगतीत, ताट पुढ्यात असताना. यंदा तोडणी सुरू झाल्यापासून चारदा. दर वेळी मी दोन वाक्यं बोलते, समोरची बाई मान हलवून निघून जाते आणि मला रात्री झोप लागत नाही. म्हणून आज सगळं लिहिते.

आपण कराड तालुक्यातली कोयनाकाठची माणसं. फडात पिल्लं कशी सापडतात ते तुम्हाला सांगायला नको. माझी चूक मात्र तुम्हाला पुरती माहीत नाही.

बारा वर्षांपूर्वी आमच्या खालच्या शेतात ऊसतोड मजुरांची टोळी लागली होती. दुपारी एक कोयता थांबला, मग सगळेच थांबले. पाचटात दोन पिल्लं होती. डोळे नुकतेच उघडलेले. मुकादम म्हणाला, "मालकीणबाई, हात नका लावू. वाघीण हितंच कुठंतरी आसंल." मी हात लावला. माझी लेक तेव्हा आठ महिन्यांची, अंगावर पिणारी. ती पिल्लं ओरडत होती आणि मला ते ऐकवेना. पदरात घेऊन घरी आणली.

गाईचं दूध कोमट केलं, निम्मं पाणी घातलं आणि लेकीच्या बोंडल्यानं पाजायला बसले. लेकीला मांडीवर घ्यायचे तसंच त्यातल्या धाकट्याला उताणं घेतलं. ते घाईनं प्यालं, ठसकलं, नाकातून दूध आलं. मी तोंड पुसलं, छातीवरून हात फिरवला आणि पुन्हा पाजलं. सासूबाई म्हणाल्या, "किती मायेनं करतीस गं." पहाटे त्याचा श्वास घरघरायला लागला. धारा काढायच्या वेळेला ते गेलं.

सकाळी वन विभागाच्या लोकांबरोबर पशुवैद्य आले. ते रागावले नाहीत. मांजराच्या जातीचं पिल्लू पोटावर असतानाच दूध पितं, एवढंच त्यांनी समजावलं. उताणं धरलं की दूध फुप्फुसात उतरतं. शिवाय गाईच्या दुधानं त्यांना हगवण लागते. मी त्याला माणसाच्या बाळासारखं धरलं होतं, म्हणून ते मेलं. तुम्ही लेकुरवाळी म्हणता ना, ती मी त्या दिवशी पुरेपूर होते.

दुसरं वाचलं, असं मी बरीच वर्षं सांगत आले. पण ते पिंजऱ्यात वाढलं. शिकार शिकवायला आई नाही आणि माणसाची भीती उरलेली नाही, अशा जनावराला पुन्हा रानात सोडता येत नाही. बिबट्याचं पिल्लू दीड-दोन वर्षं आईमागं फिरून सगळं शिकतं. मी ती दोन वर्षं एका दुपारी काढून घेतली.

आणि आई? त्या रात्री आणि पुढच्या दोन रात्री ती आमच्या घराभोवती होती. गोठ्यामागून लाकडावर करवत ओढावी तसा आवाज यायचा. मी लेकीला छातीशी धरून आतल्या खोलीत बसलेली. तिसऱ्या रात्री तिनं ओट्यावरचं कुत्रं नेलं. गाव म्हणालं, बिबट्या माजलाय, पिंजरा लावा. पिल्लं माझ्या घरात होती हे सगळ्यांनी बघितलं होतं, तरी या दोन गोष्टी कुणी जोडल्या नाहीत. मी जोडल्या होत्या. मी गप्प बसले.

आता पिल्लं दिसली की फड थांबतो आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन जातो. पशुवैद्य हातमोजे घालून तपासतात. कित्येकदा ती बिबट्याची नसतातच, रानमांजराची नाहीतर वाघाटीची, म्हणजे ठिपक्यांच्या छोट्या रानटी मांजरीची असतात. दिवेलागणीच्या आत ती सापडली त्याच जागी क्रेटमध्ये ठेवायची, कॅमेरा लावायचा आणि माणसं लांब न्यायची. माझं काम एवढंच, की बघ्यांना अडवायचं. दोन वर्षांपूर्वी आई आठच्या सुमाराला आली, एक मानेला धरून नेलं. दुसरं एकटंच राहिलं. मला वाटलं, उचलूया, थंडी आहे, मरेल. तीच मी, दहा वर्षांनीही तीच. वन विभागाच्या गार्डनं मला जागचं हलू दिलं नाही. तीन वाजता ती परत आली.

"मग आईसकट पकडून लांब जंगलात सोडा." हेही तुम्ही म्हणता, मीही म्हणायचे. जुन्नर भागात तसं झालं होतं. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली त्याचा अभ्यास छापला. बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यावर माणसांवरचे हल्ले कमी झाले नाहीत, उलट वाढले. रिकाम्या जागेत दुसरा येतो आणि सोडलेला अनोळखी मुलखात भरकटतो. हे मला पटलंय. रात्रपाळीच्या लाइटला दीर मोटर चालू करायला जातात आणि तासभर परत येत नाहीत, तेव्हाही पटलेलं असतं का? नाही. तेव्हा मी दारात उभी असते.

आणि एका प्रश्नापुढं मी अजून उभी राहू शकलेली नाही. आई दुसरं पिल्लू घेऊन गेली त्या सकाळी मी आनंदानं टोळीतल्या बायकांना फोटो दाखवायला गेले. एकीनं बघितला, फोन परत दिला आणि म्हणाली, "तिची पोरं तिला गावली, बरं झालं. आमची पोरं कोपीत निजत्यात. कोपीला दार न्हाई."

माझ्या घराला दार आहे. त्या आठवड्यात आम्ही टोळीच्या कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उसाच्या कडेच्या हलवून घराजवळच्या मोकळ्या रानात घातल्या, वायर ओढून दोन बल्ब लावले, पोरांना एकटं सोडू नका म्हणून सांगितलं. पंधरा दिवसांनी टोळी पुढच्या गावाला निघाली. बैलगाडीत सामान चढवताना तीच बाई मला म्हणाली, "मालकीणबाई, तिथं बल्ब कोण लावंल?"

मी तिला मुकादमाचा नंबर मागितला. पुढच्या गावात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं.