पाय प्लास्टरमध्ये, ठाणे ते कुडाळ: स्लीपर बसने जाऊ नका

बुकिंग घेणाऱ्याने फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं, "ताई, गाडी माजिवड्यालाच येते. खालचा बर्थ देतो, आडव्या पडून जा." आईचं वर्षश्राद्ध होतं, कुडाळला जाणं टाळता येण्यासारखं नव्हतं. घोट्याचं हाड मोडून तीन आठवडे झाले होते, प्लास्टर गुडघ्याखालपर्यंत. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. म्हटलं, दारातून बस, काय त्रास होणार आहे?

निघायच्या दीड तास आधी फोन आला, गाडी ठाण्यात येणार नाही, कळंबोलीला या. टॅक्सीला साडेआठशे रुपये गेले. बस आली ती आमच्यापुढे साठ-सत्तर पावलांवर जाऊन थांबली. ती साठ-सत्तर पावलं मी जन्मात विसरणार नाही. कडेला ओली खडी, त्यात कुबडीचं टोक रुततं आणि उचलताना झटका थेट घोट्यात. मागून हॉर्न, पुढून क्लीनरचं "लवकर या, लवकर या". भाचा कंबरेला धरून होता म्हणून मी पडले नाही.

आणि मग बसची पायरी. पहिलीच पायरी गुडघ्याएवढी उंच. आत दोन कुबड्या शेजारी-शेजारी टेकता येणार नाहीत इतकी चिंचोळी वाट. एकेरी बर्थवर प्लास्टरचा पाय कसाही ठेवला तरी वाटेत येतो. तेव्हा क्लीनर म्हणाला, "दुहेरी घ्या, अकराशे वर पडतील." ही गोष्ट फोनवर सांगता आली नसती का? पाय मोडलाय हे मी आधीच सांगितलं होतं. दिले पैसे. पावती मागितली, मिळाली नाही.

शौचालय उंच पायऱ्या उतरून चिखलापलीकडे, म्हणून रात्रभर पाणी प्यायले नाही. ही मोठी चूक. पाय हलत नसताना शरीरात पाणी कमी पडलं की रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. माणगावच्या पुढे बोटं वांग्यासारखी फुगली, जांभळट झाली. भाच्याने मोबाइलच्या उजेडात अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरं झालेलं नख दोन-तीन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. झालं, तेव्हा जिवात जीव आला. मग पायाखाली दोन बॅगा आणि घोंगडी रचून पाय छातीपेक्षा वर घेतला, तासाभराने सूज ओसरली. बोटं गार पडली, बधिर झाली, किंवा प्लास्टर आवळल्यासारखं दुखत राहिलं तर मात्र वाट बघू नका, वाटेतलं पहिलं हॉस्पिटल गाठा. पोटरी दुखायला लागली किंवा धाप लागली तरी तेच.

कुडाळचे चार दिवस बरे गेले.

परत येताना कोकणकन्या. हेच आधी करायला हवं होतं! रेल्वेत ४५ वर्षांवरच्या बायकांना आणि साठीच्या पुढच्या पुरुषांना खालच्या बर्थचा कोटा असतो, पण तिकिटावर इतर वयाचं कोणी असेल तर तो मिळत नाही. म्हणून माझं तिकीट वेगळं, भाच्याचं वेगळं काढलं. प्लास्टर आहे म्हणून भाड्यात सवलत मागायला जाऊ नका, ती अपंगत्वासाठी आहे. व्हीलचेअर स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात विचारायची. गाडी यायच्या तासभर आधी पोचा, डबा कुठे लागतो ते विचारा, कारण गाडी दोन-चार मिनिटंच थांबते.

बाजूचा खालचा बर्थ मिळाला तर डोकं अशा दिशेला करा की दुखरा पाय खिडकीकडे राहील. वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाची बॅग पायाला लागते. आडवा बर्थ असेल तर पाय खिडकीकडे, डोकं वाटेकडे. पांघरूण आणि उशी पायाखाली, आपल्या डोक्याखाली साडीची घडी चालते. बोटं दर अर्ध्या तासाने हलवायची, झोप मोडली तरी. गुठळी होऊ नये म्हणून गोळी किंवा इंजेक्शन लागेल का हे निघण्याआधी डॉक्टरांनाच विचारा, स्वतःच्या मनाने ॲस्पिरीन घेऊ नका.

डब्यात चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. हे घरच्या पायरीवर चार वेळा करून बघा. कुबडीच्या टोकाचं रबरही बघा. माझं एका बाजूने झिजून गुळगुळीत झालं होतं, हे कुडाळला कळलं. ओल्या फलाटावर त्याच रबराने चालले असते तर दुसरा पायही गेला असता. औषधाच्या दुकानात नवीन रबर मिळतं, निघण्याआधी दोन्ही बदला.

पहाटे ठाण्याला उतरले तेव्हा बोटं गुलाबी होती. अकराशे रुपयांसाठी बसवाल्याला फोन लावतेय, अजून उचललेला नाही.