तुम्ही विचारलंत म्हणून: चेंडू हे आमिष आहे का?

‘खरं सांगा, फुटबॉल हे निमित्तच ना? पोरं जमली की तुम्ही येशू सांगणार.’ मी वाट चुकलेल्या मुलांना फुटबॉल शिकवतो, म्हणून हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. मंडळीबाहेरचे, म्हणजे चर्चबाहेरचे, लोक संशयाने विचारतात, मंडळीतले आशेने. बाहेरच्यांना वाटतं मी जाळं टाकून बसलोय, आतल्यांना काळजी की जाळ्यात अजून मासे का नाहीत. तुम्ही परत विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

लपवण्यासारखं काही नाही. सराव संपला की थोडा वेळ बायबलमधलं वचन आणि प्रार्थना असते. ज्याला थांबायचंय तो थांबतो, ज्याला जायचंय तो बूट काढून निघतो. हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं. थांबला नाही म्हणून कुणाची संघातली जागा जात नाही. एवढं पाळलं नाही, तर तुमचा संशय रास्त आहे, आणि तो तुमच्या आधी पोरांना येतो. आमच्याकडे येणाऱ्यांत शाळा सुटलेले आहेत, नशेत अडकलेले आहेत, सुधारगृहात राहून आलेले आहेत. प्रत्येकाला कुणी ना कुणी कशासाठी तरी वापरून घेतलेलं. गोड बोलणाऱ्या मोठ्या माणसाला काहीतरी हवं असतं, हे त्यांना पाठ असतं.

आता खेळाबद्दल. खेळाने पोरगं आपोआप सुधारतं, यावर माझा विश्वास नाही. मैदान रागीट मुलाला आणखी रागीट करू शकतं, दांडगटाला दांडगाईचं बक्षीसही देऊ शकतं. सगळं नियमांवर आणि ते राबवणाऱ्यावर असतं. बास्केटबॉलचा जन्मच बघा. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डला वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांच्या गळ्यात अठरा जणांचा एक वर्ग पडला. आधीच्या दोन शिक्षकांनी या वर्गापुढे हात टेकले होते. नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेले. त्यांनी व्याख्यान दिलं नाही, खेळ बदलला. चेंडू हातात घेऊन पळायचं नाही, म्हणजे कुणाला आडवं पाडायचं कारणच उरत नाही. टोपली डोक्याच्या वर, म्हणजे जोर लावून भागत नाही, नेमच लागतो.

त्यांच्या मूळ तेरा नियमांतला पाचवा मला सगळ्यात आवडतो. धक्काबुक्की केली की फाउल. दुसऱ्यांदा केली तर बाहेर, पण पुढचा गोल होईपर्यंतच. मुद्दाम इजा करायला गेलात तर मात्र पूर्ण सामना बाहेर, आणि बदली खेळाडूही मिळणार नाही. शिक्षा आहे, कडकसुद्धा आहे, पण परत यायची वेळ तिच्यातच लिहिलेली आहे.

आमचा नियम त्याच वळणाचा आहे. मारामारी केली तर सामन्यातून बाहेर, सरावातून कधीच नाही. ऐकायला सोपं वाटतं. एका मुलाने भर सामन्यात समोरच्याच्या तोंडावर डोकं हाणलं. पुढच्या सरावाला तो आला, पण रेषेच्या आत येईना. बुटांच्या नाड्या एकत्र बांधून गळ्यात अडकवलेल्या, म्हणजे हाकललं तर लगेच निघता यावं. शाळेने काढलेलं, घरातून काढलेलं, त्यामुळे तिसऱ्यांदाही तयारीनिशी आलेला. मी त्याच्या हातात कोन, म्हणजे सरावाची वाट आखायचे शंकू, दिले आणि मांडायला सांगितलं. त्याने ते मुद्दाम वाकडे मांडले आणि माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवशी आम्ही वाकड्या कोनांमधूनच ड्रिबलिंग केलं. क्षमेवर बोलायचा मोह मला झाला होता, नाही असं नाही. पण क्षमा हा शब्द त्याने आजवर फक्त ‘माफी माग’ एवढ्याच अर्थाने ऐकलेला असणार.

मंडळीतली वडीलधारी माणसं इथे हमखास स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलचं नाव काढतात. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी, म्हणजे प्रभूच्या दिवशी, होती म्हणून तो धावला नाही, मग चारशे मीटरचं सुवर्ण जिंकलं. तत्त्वाचा माणूस! बरोबरच आहे. पण मला त्याची पुढची गोष्ट जास्त लागू पडते. मिशनरी म्हणून तो चीनला गेला, आणि दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला तिथल्याच वेइशिएनच्या छावणीत डांबलं. तिथे तो मुलांचे खेळ घ्यायचा, रविवार सोडून. छावणीतल्या लोकांनी सांगून ठेवलंय की मुलांनी एका रविवारी आपलीआपणच हॉकी मांडली, पंच नव्हता, शेवट मारामारीत झाला. पुढच्या रविवारी लिडेल शिट्टी घेऊन मैदानावर हजर. सुवर्णपदकासाठी जो रविवार त्याने सोडला नाही, तो भांडणाऱ्या पोरांसाठी सोडला. 1945 मध्ये त्याच छावणीत तो वारला.

साक्षीबद्दलही विचारता. ‘एखाद्या मुलाला उभं करा ना, पूर्वी कसा होता आणि आता कसा आहे ते सांगू दे.’ मी करत नाही. सोळा वर्षांच्या मुलाने भरल्या मंडळीसमोर आपल्या चोऱ्या आणि नशा सांगायच्या, लोकांनी डोळे पुसायचे, आणि पुढच्या महिन्यात तो घसरला की त्याच लोकांना सगळं तोंडपाठ! देणगीदारांना अशी साक्ष फार आवडते, हेही मला माहीत आहे. मोठा झाल्यावर आपणहून उभा राहिला तर गोष्ट वेगळी.

आणि ‘किती जण प्रभूकडे आले?’ काहींनी बाप्तिस्मा घेतला, बहुतेकांनी नाही. न घेतलेल्यांतले काही आज धाकट्यांना शिकवतात, तेही आमच्याच मैदानावर. अहवालात त्यांना कुठल्या रकान्यात घालायचं, हा अहवाल मागणाऱ्यांचा प्रश्न आहे.

हे काम सुरू करू पाहणारे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, पहिल्यांदा मैदान आणि गणवेशाचं बोलतात. मी माणसांचं विचारतो. एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या तुरीनला कॅथलिक धर्मगुरू डॉन बॉस्को तुरुंगातून सुटलेल्या आणि रस्त्यावरच्या मुलांत काम करायचे, तेव्हा मोठ्यांनी मैदानात मुलांमध्येच असलं पाहिजे हा त्यांचा आग्रह होता, पहारा द्यायला नव्हे, सोबतीला. तुमच्याकडे दर आठवड्याला न चुकता येणारी दोन मोठी माणसं हवीत. एक खेळ चालू ठेवायला, दुसरा चिडून बाहेर गेलेल्याच्या शेजारी बसायला, आणि तेही सगळ्यांच्या नजरेसमोर, कारण कुठलाही मोठा माणूस एखाद्या मुलाबरोबर एकटा असता कामा नये. अशी दोन माणसं मिळेपर्यंत चेंडू विकत घेऊ नका.