कोटेशनमध्ये सगळं जुळतंय, मग गेम का अडखळतो?

गेमिंग पीसीचं कोटेशन साधारण असं असतं: रायझन ५ प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर५ रॅम, १ टीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), आरटीएक्स ५०६० टीआय ग्राफिक्स कार्ड, ६०० वॅटचा एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा), चार फॅनचं आरजीबी म्हणजे रंगीत दिव्यांचं कॅबिनेट. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरचं दुकान असो नाहीतर ऑनलाइन, मजकूर हाच. वरवर पाहता यात चूक काढायला जागा नाही. सगळं बसेल आणि मशीन चालूही होईल. पण यातली एकही ओळ पूर्ण नाही, आणि पैसे वाया जातात ते जे लिहिलेलं नाही त्यात.

पहिलीच ओळ घ्या. नुसतं 'रायझन ५' म्हणजे काय? ५६०० असेल तर तो एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा), आणि बी६५० चा सॉकेट एएम५, म्हणजे तो बसणारच नाही. ही चूक निदान दुकानातच पकडली जाते. त्रास देतात ते एएम५ वर नीट बसणारे. ७५००एफ मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड वॉरंटीला गेलं की मशीन बंद. ७६०० मध्ये कामचलाऊ ग्राफिक्स आहे आणि खोक्यात कूलरही येतो. ७६००एक्सच्या खोक्यात कूलर येत नाही. खरा फसवा आहे ८५००जी. नंबर ७६०० पेक्षा मोठा दिसतो, पण ग्राफिक्स कार्डाला तो फक्त ४ लेन (डेटा जायच्या वाटा) देतो. ५०६० टीआयला ८ लेन लागतात. कार्ड लागतं, गेम सुरू होतो, आणि अर्धा रस्ता बंद असल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. वेगळं कार्ड घ्यायचं ठरलेलं असेल तर 'जी' वाल्या प्रोसेसरच्या वाटेला जाऊ नका.

प्रोसेसर ९६००एक्स असेल तर आणखी एक अडचण येते. रायझन ९००० मालिका ऑगस्ट २०२४ मध्ये आली, बी६५० बोर्ड २०२२ पासून विकले जातायत. गोदामात पडून राहिलेल्या बोर्डात जुना बायोस (बोर्ड सुरू करणारा आतला प्रोग्रॅम) असला की फॅन फिरतात, स्क्रीन काळी राहते. म्हणून बोर्ड घेतानाच मागच्या पट्टीवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का ते बघा. गिगाबाइट त्याला क्यू-फ्लॅश प्लस म्हणते, एमएसआय फ्लॅश बायोस. असं बटण असेल तर प्रोसेसर न लावताही बायोस बदलता येतो. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये दिलंय तसंच्या तसं ठेवायचं, ज्या यूएसबी पोर्टवर खूण आहे त्यातच तो लावायचा, २४ पिन आणि प्रोसेसरची ८ पिन वायर जोडून बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही. मध्येच लाइट गेली तर पंचाईत, तेव्हा हे काम यूपीएसवरच करा.

आता रॅम. '१६ जीबी' म्हणजे बहुतेक वेळा १६ ची एकच पट्टी, वर सल्ला: नंतर अजून एक टाका. एका पट्टीवर रॅमचा एकच चॅनल चालतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) फार पडत नाही, पण गर्दीच्या प्रसंगात फ्रेम अडकतात, आणि डोळ्याला तेच खुपतं. सहा महिन्यांनी आणलेली दुसरी पट्टी त्याच कंपनीची असली तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. मग दोन्ही मिळून पूर्ण वेगाने चालतील याची हमी नाही. घ्यायचाच तर दोन पट्ट्यांचा एकच किट घ्या. एएम५ साठी ६००० वेगाचा, सीएल३० (प्रतिसादाला लागणाऱ्या उशिराचा आकडा) चा किट हा जमलेला मेळ आहे. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, त्यामुळे ३२ ऐवजी १६ वर थांबायला लागलं तरी चालेल, पण ८ च्या दोन घ्या. घरातली जुनी डीडीआर४ इथे उपयोगाची नाही. दोन्हींना २८८ पिन असतात, पण पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते. इंटेलच्या एलजीए १७०० चे काही बोर्ड डीडीआर४ घेतात, काही डीडीआर५, आणि नावात बहुधा एका 'डी४' चाच फरक असतो. ती अक्षरं नीट वाचा.

पट्ट्या प्रोसेसरच्या बाजूने मोजून बोर्डावरच्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या. चारही खाचा भरल्या तर रायझन ७००० साठी एएमडीने सांगितलेला वेग ३६०० पर्यंत खाली येतो, म्हणजे महागाचा किट घेऊन काही हाती लागत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅमला तिच्या डब्यावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करणं हेही आपलंच काम. न केल्यास ६००० ची रॅम ४८०० किंवा ५६०० वर मुकाट चालत राहते. एएम५ बोर्ड पहिल्यांदा चालू होताना रॅमची जुळवणी करतो. त्यात काही मिनिटं स्क्रीन काळी असते आणि बोर्डावरचा डीरॅमचा दिवा पेटलेला असतो. इथेच लोक घाबरून बटण दाबून बंद करतात, मग पुन्हा चालू केलं की जुळवणी पहिल्यापासून. चहा टाका, पंधरा मिनिटं तरी बघू नका.

कार्डाच्या ओळीत '१६ जीबी' हे शब्द आहेत का ते तपासा, कारण ५०६० टीआय ८ जीबीमध्येही मिळतं आणि डब्यावरचं नाव तेच असतं. हे कार्ड आठच लेन वापरतं. बोर्ड पीसीआयई (कार्ड जोडायच्या याच रस्त्याचं नाव, आकडा त्याची पिढी) ४ किंवा ५ चा असेल तर फरक नगण्य. पण जुन्या पीसीआयई ३ बोर्डात ते टाकलं तर रस्ता अरुंद होतो, आणि ८ जीबीची मेमरी भरून वाहायला लागली की झटके बसतात. जुना पीसी तसाच ठेवून फक्त कार्ड बदलणाऱ्यांनी म्हणून १६ लेनवालं एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, तेही १६ जीबीचं, आधी विचारात घ्यावं.

एसएमपीएस ही या कोटेशनमधली सगळ्यात लबाड ओळ. '६०० वॅट' हा आकडा कसला आहे हे कळायला बाजूचं स्टिकर वाचायला हवं. त्यावर १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर दिलेले असतात. समजा तिथे २५ आहे. २५ गुणिले १२, म्हणजे ३०० वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, तेव्हा तुमचा खरा एसएमपीएस ३०० चा. चांगल्या ६५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये याच रकान्यात ५४ च्या आसपास आकडा दिसतो. '८० प्लस' चा शिक्का फक्त किती वीज वाया जाते ते सांगतो. आतले कपॅसिटर कसे आहेत, ओव्हरलोड झाल्यावर तो नीट बंद पडतो की सोबत बोर्डही घेऊन जातो, हे त्यातून कळत नाही.

किती वॅट लागतील याचा हिशोब सोपा आहे. कार्ड १८०, ७६०० प्रोसेसर जास्तीत जास्त ८८, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि फॅन मिळून ६०-७०. बेरीज ३४० च्या आत. चांगला ५५० पुरेल. पुढे कार्ड वाढवायचं मनात असेल तर ६५०. कार्ड क्षणभर आपल्या आकड्याच्या बरंच वर उडी मारतं, आणि असे झटके सोसण्याची अट एटीएक्स ३ च्या मानकातच आहे. म्हणून नवीन घेताना एटीएक्स ३.१ लिहिलेला घ्या. ५०६० टीआयची काही मॉडेल ८ पिनची, काही १६ पिनची असतात, तेही आधी बघा. १६ पिनचा कनेक्टर 'टक' होऊन पूर्ण आत जायला हवा आणि तोंडाशीच वायर वाकवायची नाही. अर्धवट बसलेला कनेक्टर तापतो आणि वितळतो. आणि मॉड्युलर (वायरी सुट्या होणारा) एसएमपीएस बदलताना जुन्याच्या वायरी नव्याला कधीही लावू नका. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक बदलते. वायर आरामात बसते, आणि चालू करताक्षणी एसएसडी जळते.

यूपीएस तर कोटेशनमध्ये नसतोच, घरात आधीचा असतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. आपलं ३४० वॅटचं मशीन एसएमपीएसमधली घट धरून भिंतीतून ३७५ ओढतं, वर मॉनिटरचे ३०. लाइट जाते तेव्हा ब्राउझर उघडा असेल तर यूपीएस छान सांभाळतो, म्हणून मालक निश्चिंत असतो. गेम चालू असताना गेली की सगळं एकदम बंद. ६०० वॅट लिहिलेला, बहुधा १ केव्हीएचा, यूपीएस घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर मागचं बटण यूपीएस मोडवर हवं. दुसऱ्या मोडमध्ये बदल व्हायला जो वेळ जातो तो एसएमपीएसला झेपत नाही. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर काही एसएमपीएस रीस्टार्ट होतात. प्युअर साइन वेव्हचा असला की हा प्रश्न राहत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर एसएमपीएसला दोष देण्याआधी घरातल्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या.

कॅबिनेटबाबत तीन मापं पुरेत: कार्डाची लांबी, कूलरची उंची, बोर्डाचा आकार. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला लिक्विड कूलरचा रेडिएटर लावणार असाल तर कार्डाच्या जागेतून साधारण ५५ मिमी वजा करा, २७ रेडिएटरचे, २५ फॅनचे, थोडी मोकळीक. पुढून काच आणि आत चार रंगीत फॅन यापेक्षा पुढून जाळी आणि दोन साधे फॅन केव्हाही बरे. रंग हवाच असेल तर पिना मोजा: तीन पिनचा एआरजीबी ५ व्होल्टचा, चार पिनचा जुना आरजीबी १२ चा. ५ व्होल्टचा कनेक्टर जबरदस्तीने १२ च्या हेडरवर (बोर्डावरच्या पिनांवर) बसवला की दिवे कायमचे जातात. जुना कूलर एएम५ वर चालेल का? बोर्डामागची मूळची प्लेट वापरणारा असेल तर चालेल. स्वतःची प्लेट लावणारा चालणार नाही, कारण एएम५ ची प्लेट निघत नाही. कॅबिनेटला पुढे टाइप-सी असेल तर बोर्डावर त्याचं हेडर आहे का तेही बघा. नाहीतर तो पोर्ट शोभेचा.

एनव्हीएमई पहिल्या, प्रोसेसरजवळच्या खाचेत लावा. दुसरी खाच वापरली की काही बोर्डांवर दोन साटा पोर्ट (हार्ड डिस्क जोडायचे) बंद पडतात, आणि जुनी हार्ड डिस्क 'खराब झाली' म्हणून दुकानात नेली जाते. मॅन्युअलच्या स्टोरेजच्या पानावर बारीक अक्षरांत हे लिहिलेलं असतं.

बिलावर प्रत्येक वस्तूचं पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. 'बी६५० बोर्ड' एवढ्यावर वॉरंटी मागताना वाद होतो. घरी आल्यावर मॉनिटरची वायर बोर्डाला न लावता कार्डाला लावा, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० चे १४४ हर्ट्झ करा, आणि टास्क मॅनेजरमध्ये रॅमच्या वेगापुढे ६००० दिसतंय का बघा. मग एखादा जड गेम अर्धा तास चालू ठेवून यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. बंद पडायचं असेल तर परत करायची मुदत संपायच्या आतच पडू दे.