२९ इंची चाकं ट्यूबलेस करताना: रिम, टायर, टेप, सीलंट

माउंटन बाइकची, म्हणजे डोंगरवाटांच्या सायकलची, चाकं ट्यूबलेस (आत ट्यूब न ठेवता टायरमध्येच हवा धरणारी) करण्याचं काम सध्या इथवर आलंय: रिम आणि टायर ठरले, दोन्ही चाकांना आऱ्यांची भोकं बंद करणारी टेप लागली, मागचं चाक सीलंटसकट (छिद्रं बुजवणाऱ्या द्रवासकट) हवा धरून आहे, पुढच्याची कोरडी (सीलंटशिवायची) चाचणी बाकी आहे. ट्यूबलेसमधली चिवट गळती बहुतेक वेळा टायरमधून होत नाही, टेपखालून होते. त्यामुळे या नोंदीत टेपला जास्त जागा दिली आहे.

रिम अ‍ॅल्युमिनियमची, आतली रुंदी ३० मिलिमीटर, बीड (टायरची रिममध्ये बसणारी कड) बसते तो व्यास ६२२. २.४ इंच रुंदीच्या टायरला ही रुंदी बरोबर बसते. २५ पेक्षा अरुंद रिमवर तोच टायर बल्बसारखा गोल होतो आणि कमी हवेत वळणावर कडेला लोळतो. ३५ वर माथा चपटा पडतो, साइडवॉलला (टायरच्या बाजूच्या भिंतीला) ट्रेडचा (जमिनीला लागणाऱ्या भागाचा) आडोसा राहत नाही आणि दगड थेट तिला लागतात. कार्बनचा विचार मुद्दाम सोडला. दगडावर आपटून अ‍ॅल्युमिनियमची कड वाकली तर पान्यात धरून हळूहळू सरळ करता येते आणि बहुतेकदा पुन्हा हवाही धरते. कार्बनला तडा गेला की रिमच बदलायची. कडेला बीड धरणारा हुक असलेली रिम की बिनहुकाची, यावर माउंटन बाइकसाठी डोकं शिणवू नये. बिनहुकाच्या रिमची मर्यादा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय (दोन्ही हवेच्या दाबाची एककं). आपण त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. त्यापेक्षा बीड बसते त्या पट्टीच्या आतल्या कडेला उंचवटा आहे का ते बोट फिरवून बघावं. तो नसेल तर आडव्या धक्क्यात बीड आत सरकते आणि भसकन हवा सुटते.

टायर निवडताना दोन्हीकडे एकच केसिंग (टायरचा धाग्यांचा सांगाडा) घेऊ नये. पुढे मऊ रबर आणि उंच नॉब (ट्रेडवरचे रबरी उंचवटे), कारण वळणावरची पकड आणि ब्रेकिंग तिथे लागतं. मागे थोडं कडक रबर, मधले नॉब बुटके, पण केसिंग एक पायरी जाड. रिमवर आदळणं आणि साइडवॉल चिरणं मागेच जास्त होतं, कारण वजनाचा मोठा भार तिकडे असतो. मॅक्सिस कंपनीच्या केसिंगमध्ये पुढे एक्सो आणि मागे एक्सो प्लस किंवा डबलडाउन, श्वाल्बेमध्ये पुढे सुपर ट्रेल आणि मागे सुपर ग्रॅव्हिटी, अशी जोडी जमते. २९×२.४ मध्ये डबलडाउन बाराशे ग्रॅमच्या आसपास जातो. चढावर ते जाणवतं, पण खडकाळ उतार नेहमीचे असतील तर हे वजन वाचवू नये. टीपीआयच्या (केसिंगमधल्या दर इंची धाग्यांच्या) आकड्यावरून मजबुती ठरवू नका; केसिंगचे थर किती आणि बीडजवळ जादा पट्टी आहे का, ते बघा.

आता टेप. आतली रुंदी ३० असेल तर ३३ ते ३५ मिलिमीटरची टेप हवी. ती एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, बीडखालच्या पट्टीवरूनही गेली पाहिजे. अरुंद टेपची कड बीड बसताना उचलली जाते. आधी रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, जुना गोंद किंवा बोटांचं तेल अजिबात राहू देऊ नका. सुरुवात व्हॉल्व्हच्या भोकापासून लांब करावी, म्हणजे टेपचे थर भोकापाशी चढत नाहीत. टेप जोरात ताणत, फूटभर चिकटवून अंगठ्यानं मधल्या खोबणीत दाबत पुढे जायचं. ताण कमी पडला तर आऱ्यांच्या भोकांवर टेप हवेच्या दाबानं खाली दबते आणि कडेला सुरकुती उरते. फेरा पूर्ण झाल्यावर १० ते १५ सेंटिमीटर टेप वर चढवा. मग ट्यूब घालून टायर चढवा, ३० पीएसआय भरून रात्रभर ठेवा. टेप घट्ट बसते. व्हॉल्व्हचं भोक चाकूनं कापू नये, चीर पुढे फाटत जाते. तापवलेल्या टोकदार तारेनं लहान गोल भोक पाडावं आणि व्हॉल्व्ह त्यात दाबून घालावा. त्याची नट हातानंच आवळा. पक्कड लावली की खालचं रबर विस्कटतं, शिवाय वाटेत ट्यूब घालायची वेळ आली तर ती सुटत नाही.

ट्यूब काढताना टायरची एकच बाजू सोडवा. दुसरी बीड जागेवर राहिली की पुढचं काम अर्धं होतं. मोकळ्या बीडला साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्हचा कोअर (आतला सुटा होणारा भाग) काढा आणि एकदम हवा मारा. दोनतीन ठाक असे आवाज येतात. टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. टायरच्या कडेची बारीक रेषा रिमपासून सगळीकडे सारखी दिसली की बीड बसली.

सीलंट इतक्यात नाही. कोरडंच २५ पीएसआय भरून साबणाचं पाणी मारायचं. साइडवॉलवर बारीक बुडबुडे आले तर चालतील, ते सीलंट भरून काढतं. आऱ्यांच्या भोकांतून किंवा व्हॉल्व्हच्या नटखालून आले तर टेप गळते आहे. बुडबुडा दिसतो तिथेच टेप फाटली आहे असं मात्र समजू नये. हवा रिमच्या पोकळीत फिरून कुठूनही बाहेर पडते. अशा वेळी सीलंट ओतून वेळ मारून नेली तर ते रिमच्या आत साचतं, आणि त्यात अमोनिया असेल तर अ‍ॅल्युमिनियमचे निपल (आरे रिमला धरणारे छोटे तुकडे) कुजतात. टेप काढून नव्यानं लावणं हाच उपाय.

सीलंट लेटेक्सचं, पुढे १०० मिलिलिटर, मागे १२०. बाटली जोरात हलवा, कारण छिद्र बुजवणारे कण तळाशी बसलेले असतात. कोअर काढून सिरिंजनं भरा, चाक फिरवा, मग दोन्ही कुशींवर थोडा थोडा वेळ आडवं ठेवा. दोन कंपन्यांचं सीलंट एकत्र करू नका, गुठळ्या होतात. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीनंही काही लेटेक्स गोठतं, म्हणून ती वापरायचीच तर व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून. दर दोनतीन महिन्यांनी, उन्हाळ्यात त्याहून लवकर, व्हॉल्व्ह खाली आणून हवा सोडा, कोअर काढा आणि केबल टाय आत घालून बघा. टोक ओलं झालं नाही तर ६० मिलिलिटर वाढवा.

सुमारे ७५ किलोच्या स्वारासाठी सुरुवात पुढे २१, मागे २४ पीएसआय. पंपाचा काटा इतक्या कमी दाबाला भरवशाचा नसतो, डिजिटल गेज घ्या. मग एकेक पीएसआयनं बदल करत जा: रिम दगडावर ठणकली तर वाढवा, मुळांवरून चाक उडायला लागलं तर कमी करा.