पूर ओसरला, आता गाळ
आज दिवसभर नाशिकच्या भांडी बाजारात मामांच्या दुकानातला गाळ काढला, अंग नुसतं मोडून आलंय. गाळ ओला असतानाच काढायचा, एकदा वाळला की फरशीवरून खरवडूनही निघत नाही. पण झाडू मारायच्या आधी फोटो काढा बरं का, पंचनाम्याला लागतात, आणि वायरमनने बघितल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका प्लीज!! मामांनी २००८, २०१६ चे पूर बघितलेत, गोदावरीवरच्या गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की लगेच माल माळ्यावर चढवतात, म्हणून सगळं वाचलं. शेजारच्या काकूंचं मात्र खूप भिजलं, उधारीच्या वहीचं एकेक पान सोडवत बसल्या होत्या, बघवत नव्हतं. उद्या सकाळी त्यांच्याकडे जातोय, फावडं, घमेलं असेल तर घेऊन या.