आधी पाय बघा: क्रूगरमधला लाल गळ्याचा पक्षी

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर अभयारण्याचं बुकिंग, विमान, भाड्याची गाडी, गेटवरचे कागद, सगळं सुरळीत झालं. अडलो ते एका पक्ष्याच्या पायांपाशी, तेही दोन दिवस.

मुक्काम क्रूगरमधल्याच ‘सातारा’ नावाच्या कॅम्पात. हिंदीतल्या ‘सत्रह’वरून हे नाव पडलं असं तिथे सांगतात. पहिल्याच सकाळी सफारीच्या गाडीतून रस्त्याकडेला कोंबडीएवढा तपकिरी पक्षी दिसला. डोळ्याभोवती आणि गळ्यावर पीस नाही, नुसती लालभडक कातडी. मी थांबायला सांगितलं. गाइड ‘फ्रँकोलिन’ (तितरासारख्या पक्ष्यांचं इंग्रजी नाव) एवढंच म्हणाला आणि गाडी पुढे काढली, कारण पुढे सिंह दिसल्याचा निरोप आला होता. संध्याकाळी पुन्हा तेच. सिंहासमोर आम्ही पाऊण तास उभे होतो. या पक्ष्याला अर्धा मिनिट मिळाला नाही. माझा तो राग अजून गेलेला नाही.

रात्री पुस्तक उघडलं तर लाल गळ्याचे दोघे: स्वेनसन्स स्परफाउल आणि रेड-नेक्ड स्परफाउल. स्परफाउल म्हणजे पायाला काटा असलेले, तितरासारखेच दिसणारे पक्षी. फरक पायांत. स्वेनसन्सचे काळे, रेड-नेक्डचे लाल. माझ्या अकराही फोटोंत गळा स्वच्छ आणि पाय गवतात! दुसऱ्या दिवशीच्या फोटोंतही तेच. तेव्हा फोटो काढताना आधी पाय धरा, गळा काय, लांबूनही दिसतो.

तिसऱ्या दिवशी आमचीच गाडी घेऊन गेट उघडताच निघालो. पहाटे गवत दवाने भिजलेलं असतं, तेव्हा हे पक्षी रस्त्यावर येतात. इंजिन बंद करून, काच खाली घेऊन बसलो. चाळीस मिनिटं नुसती मान दिसत होती. मग तो डांबरावर आला, अंग झटकलं, आणि पाय दिसले. काळेभोर, मागे कोंबड्यासारखा काटा, म्हणजे नर. चोचही वरून काळी, खालून लालसर. स्वेनसन्स! मी बायकोचा हात इतका दाबला की ती ओरडली.

एक राहिलं: जुन्या पुस्तकांत हाच ‘स्वेनसन्स फ्रँकोलिन’ म्हणून शोधावा लागतो. आता स्परफाउल वेगळे काढलेत, प्रजाती (जीनस) टर्निस्टिस. ते लाव्याच्या जवळचे. आपला माळावरचा तितर मात्र रानकोंबड्याच्या जवळचा. तितराचा खरा भाऊबंद तिथला क्रेस्टेड फ्रँकोलिन, शेपटी उभी धरून चालणारा. दोघांची प्रजाती एकच, ऑर्टिगॉर्निस. आणि नाताल स्परफाउलचे पाय लाल असले तरी तोंडावर उघडी कातडी नसते, त्याच्यावरून गोंधळू नका.

शेवटच्या संध्याकाळी वाळवीच्या वारुळावर उभा राहून तो कर्कश ओरडत होता. अंधार पडायला लागला तसा उडून झाडावर जाऊन बसला.