लढाई जिंकलेल्या भाषेला शाळा कशाला?

अमेरिकेतल्या नवाहो या मूळनिवासी लोकांच्या भाषेचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो: दुसऱ्या महायुद्धात जपान्यांना जिचा उलगडा झाला नाही, ती भाषा जपायला वेगळ्या शाळा कशाला हव्यात? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

कारण ती मोडायचं कामही शाळेनेच केलं. १९४२ साली अमेरिकी सैन्याच्या गुप्त निरोपांसाठी नवाहोवर आधारलेली सांकेतिक भाषा रचणाऱ्या २९ नवाहो सैनिकांत चेस्टर नेझ होते. लहानपणी सरकारी निवासी शाळेत नवाहो बोलले म्हणून त्यांचे दात साबणाने घासले गेले. 'चेस्टर' हे नावही शाळेनेच चिकटवलेलं. सरकारने सुवर्णपदक दिलं ते २००१ मध्ये! असे मार खाल्लेले आईबाप पुढे घरात इंग्रजी बोलायला लागले, तर त्यांना काय बोलणार?

म्हणून मला सैनिकांपेक्षा रूथ रोसेल या नवाहो शिक्षिकेबद्दल सांगायला आवडतं. १९६६ मध्ये अ‍ॅरिझोनात रफ रॉकला नवाहोंनी स्वतः चालवायला घेतलेली शाळा निघाली, १९६८ मध्ये नवाहो कम्युनिटी कॉलेज. दोन्हींचे पहिले प्रमुख त्यांचे गोरे पती रॉबर्ट, त्यामुळे नाव त्यांचंच आधी घेतलं जातं. पण नवाहोंचा इतिहास आणि रीतिरिवाज अभ्यासक्रमात बसवायचं काम रूथबाईंचं, आणि मला तेच जास्त अवघड वाटतं.

रफ रॉकच्या शाळा समितीवर जेमतेम शिकलेली माणसं होती. वसतिगृहात मुलांचेच पालक आळीपाळीने पगारावर राहायचे, संध्याकाळी म्हातारी मंडळी गोष्टी सांगायची. त्यातही नियम असा, की कायोटीच्या (कोल्ह्यासारखा तिथला एक प्राणी) गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगायच्या. बोटांवर दोरा गुंफायचे खेळही तेव्हाच, जाळी विणणारे कोळी झोपलेले असताना. आता बसवा हे वार्षिक नियोजनात!

१८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने नवाहोंना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्के रेडोंडोला नेऊन डांबलं. सुटका १८६८ मध्ये. घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या त्या हकिकती रूथबाईंच्या संपादनाखाली १९७३ मध्ये पुस्तकात आल्या. ज्यांच्या पणजीने ती वाट तुडवली, त्यांचं सांगणं आता वर्गात वाचता येऊ लागलं.

नवाहो बोलणारे आजही लाखाच्या वर आहेत, पण त्यांत वयस्कर जास्त. वर्गात नवाहो शिकलेलं पोर घरी भावंडांशी इंग्रजीतच भांडतं. तिथे शाळेचा हात पोचत नाही.